दाखवणाराच वाटेकरी

३ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे खेळाडू एका सभागृहात टीव्हीसमोर बसले होते. त्यांच्या फुटबॉल संघाने त्या हंगामात १३ सामने खेळले आणि तेराही जिंकले होते. आपल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे गटाचे, विजेतेपदही त्यांनी मिळवले होते. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या प्लेऑफमध्ये चार जागा होत्या आणि यादी ईएसपीएनवर जाहीर होत होती. मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि चौथे नाव आले अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचव्या क्रमांकावर राहिला. अलाबामाने हंगामात एक सामना गमावला होता, फ्लोरिडा स्टेटने एकही नाही.

निवड समितीने कारण दिले की, संघाचा मुख्य खेळाडू, क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस, नोव्हेंबरमध्ये पाय मोडून बाहेर पडला असल्याने हा संघ आता पूर्वीचा राहिलेला नाही. चार संघांची प्लेऑफ पद्धत २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून मोठ्या कॉन्फरन्सचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची ही पहिलीच वेळ होती. फ्लोरिडात संताप उसळला. राज्याच्या एका सिनेटरने समितीला पत्र लिहून खुलासा मागितला. राज्याच्या अॅटर्नी जनरलने चौकशी सुरू केली. आणि देशभरातल्या चाहत्यांमध्ये जुनाच वाद नव्याने पेटला. आरोप असा की, ईएसपीएनने अलाबामाच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे साउथईस्टर्न कॉन्फरन्स उर्फ एसईसीमध्ये, पैसा गुंतवला आहे, म्हणून तिचेच गोडवे गायले जातात आणि म्हणून तिचाच संघ आत जातो.

वाचकांना प्रश्न पडेल की, अमेरिकन कॉलेज फुटबॉलशी आपला संबंध काय? शिकायला गेलेली आपली मुले ओहायो स्टेट, पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम अशा विद्यापीठांत दिसतात, त्यांच्यापुरता हा शनिवारचा विषय असतो. पण मला त्यात रस वाटतो तो वेगळ्या कारणाने. माध्यमांच्या पक्षपाताची चर्चा आपण नेहमी करतो. ती धर्म, जात किंवा पक्ष यांच्याभोवती फिरते, त्यामुळे लवकरच तापते आणि मूळ यंत्रणा धुरात हरवते. इथे तसे काही नाही. दोन्ही बाजूंना चेंडूमागे धावणारी विशी-बाविशीची मुले आहेत. त्यामुळे बातमी देणारा आणि बातमीतून कमावणारा एकच असला, की काय होते ते इथे स्वच्छ दिसते.

मत हाच नियम

आधी हा खेळ समजून घेऊ. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात धरून तो खेळतात. कॉलेजांचे सामने तिथे किती मोठे असतात हे एका आकड्यावरून कळेल. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसे बसतात. एक लाखाहून जास्त आसनांची अशी आठ स्टेडियम त्या देशात आहेत आणि आठही कॉलेज संघांची आहेत.

वरच्या श्रेणीत १३० हून अधिक संघ आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामात साधारण १२ सामने येतात. म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणे अशक्य. संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेले असतात आणि बहुतेक सामने गटातच होतात. मग मिशिगन मोठा की जॉर्जिया, हे ठरवायचे कसे? मताने. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून पत्रकारांची मते घेऊन क्रमवारी लावते. अनेक दशके राष्ट्रीय विजेता कोण, हे पत्रकारांच्या आणि प्रशिक्षकांच्या मतदानानेच ठरत होते. आता १३ जणांची निवड समिती आहे. पण तीही गुणतक्ता वाचत नाही, मतच देते.

क्रिकेटच्या साखळी स्पर्धेत समालोचक काहीही बोलला तरी गुणतक्ता बदलत नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र लोकांच्या मनात कोणाची प्रतिमा काय आहे, याला थेट किंमत आहे. त्यामुळे 'माध्यमे आमच्याबद्दल काय बोलतात' हा तिथल्या चाहत्यांचा नुसता रुसवा नसतो. त्यांच्या दृष्टीने तो खेळाच्या नियमांचाच भाग आहे.

यात घड्याळाचाही हात आहे. पश्चिम किनाऱ्यावरचे संध्याकाळचे सामने पूर्वेकडच्या घड्याळात रात्री दहा-साडेदहाला सुरू होतात आणि मध्यरात्रीनंतर संपतात. मत देणारे बरेच पत्रकार पूर्वेकडचे. झोपेत गेलेला सामना सकाळी फक्त आकड्यांत उरतो. इथे कोणाचा कट नाही, वैर नाही. तरीही तोटा ठरलेलाच.

बाजार उघडला तो दिवस

आज जे दिसते त्याचे मूळ २७ जून १९८४ च्या एका निकालात आहे. त्याआधी कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना एनसीएए टीव्हीवरचे सामने वाटून देई. एका संघाला दोन हंगामांत सहापेक्षा जास्त वेळा टीव्हीवर दाखवता येत नसे. जास्त टीव्ही आला तर स्टेडियम ओस पडतील आणि मोठे संघ आणखी मोठे होतील, अशी भीती होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला. ही मक्तेदारी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले.

विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, हा शिक्षणसंस्थांचा खेळ आहे, त्याला निव्वळ धंद्याचा गज लावू नका. बहुमताला ते पटले नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्य असेलही. पण त्या दिवसापासून सामन्याचे प्रक्षेपण ही विकायची वस्तू झाली. एकट्याने विकण्यापेक्षा गट करून विकण्यात फायदा होता. म्हणून कॉन्फरन्स, जी मुळात शेजारच्या कॉलेजांची सोय होती, ती वाटाघाटी करणारी कंपनी बनली.

पुढचा प्रवास त्याच दिशेने झाला. २००७ मध्ये बिग टेन कॉन्फरन्सने स्वतःची वाहिनी काढली, तिच्यात मोठा वाटा फॉक्सचा. २०११ मध्ये ईएसपीएनने एकट्या टेक्सस विद्यापीठासाठी लाँगहॉर्न नेटवर्क सुरू केले, २०१४ मध्ये एसईसी नेटवर्क आणि २०१९ मध्ये एसीसी नेटवर्क. २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला. त्याची किंमत सात अब्ज डॉलरहून अधिक असल्याच्या बातम्या आल्या. ईएसपीएन त्यातून बाहेर राहिले. २०२४ पासून एसईसीचे सामने ईएसपीएन आणि तिच्या भगिनी वाहिनीच्या हाती गेले. त्याच वर्षी प्लेऑफचे हक्कही ईएसपीएनने २०३१-३२ पर्यंत वाढवून घेतले. सहा वर्षांचे ७.८ अब्ज डॉलर.

आता चित्र असे की, दोन बलाढ्य कॉन्फरन्स आणि त्यांच्या पाठीशी दोन वेगळ्या वाहिन्या. संध्याकाळच्या चर्चेत कोणती कॉन्फरन्स श्रेष्ठ यावर जो विश्लेषक बोलतो, त्याच्या मालकाचे अब्जावधी डॉलर त्याच उत्तरात गुंतलेले असतात.

दोन्ही बाजूंचे खरे

एसईसीच्या चाहत्यांचे म्हणणे ऐकायला हवे. २००६ ते २०२२ या १७ हंगामांत १३ राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या संघांनी मिळवली. अलाबामा, फ्लोरिडा, एलएसयू, ऑबर्न, जॉर्जिया. ते म्हणतात, आमच्याबद्दल जास्त बोलले जाते कारण आम्ही जिंकतो. २०२२ च्या हंगामात टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा संघ सगळ्यांची सहानुभूती घेऊन अंतिम सामन्यात आला आणि जॉर्जियाने त्याला ६५-७ असे धुतले. बाहेर ठेवलेल्या त्याच फ्लोरिडा स्टेटला पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने ६३-३ असे हरवले. मग समितीचे काय चुकले?

दुसरी बाजू म्हणते, त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे दोन डझनांहून अधिक खेळाडू उतरलेच नव्हते. विजेतेपदाची आशाच काढून घेतल्यावर कोण जीव टाकून खेळेल? त्यांचा मुख्य आक्षेप भाषेवर आहे. एसईसीचा संघ एसईसीच्याच संघाकडून हरला, की 'काय तगडी कॉन्फरन्स आहे' असे म्हटले जाते. इतर कॉन्फरन्समध्ये तसेच घडले, की 'इथे कोणी दमदार नाही' असे ठरते. हंगाम सुरू होण्याआधीच एका कॉन्फरन्सचे संघ क्रमवारीत वर बसवले, की त्यांनी एकमेकांना हरवले तरी 'वरच्या संघाला हरवले' असे श्रेय मिळते. म्हणजे अंदाजातून पुरावा तयार होतो आणि त्या पुराव्याने अंदाज खरा ठरतो. हा आक्षेप बिनतोड आहे. १३ विजेतेपदे सांगूनही तो खोडता येत नाही.

पण इथून पुढे बरेच चाहते वाट चुकतात. ते निवेदकाच्या मनात शिरतात. अमुक विश्लेषक आमचा द्वेष करतो, तमुक वाहिनीने समितीला फोन केला असणार, असे म्हणतात. फ्लोरिडा स्टेटच्या प्रकरणात हे कथानक टिकत नाही. हा संघ ज्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये आहे, त्या एसीसीचे हक्कही ईएसपीएनकडेच होते आणि तिची वाहिनीही ईएसपीएनचीच. समितीचे तेव्हाचे अध्यक्ष एसीसीमधल्याच एका विद्यापीठाचे क्रीडा संचालक होते. कटाचा पुरावा नाही. आणि कटाची गरजही नाही.

पाहणे हेच चलन

कटाची गरज का नाही, हे पुढच्या दोन वर्षांत दिसले. डावलल्या गेलेल्या फ्लोरिडा स्टेटने त्याच महिन्यात आपल्याच कॉन्फरन्सविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. एसीसीचा टीव्ही करार २०३६ पर्यंतचा आणि एसईसी-बिग टेनच्या तुलनेत तुटपुंजा होता. तिथे अडकून राहिलो तर कायमचे मागे पडू, असे विद्यापीठाचे म्हणणे. क्लेमसन विद्यापीठानेही दावा लावला. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. तिचे मुख्य सूत्र असे की, टीव्हीच्या पैशाचा मोठा भाग यापुढे प्रेक्षकसंख्येनुसार वाटायचा. ज्याचे सामने जास्त पाहिले जातील, त्याला जास्त.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कोणता सामना मुख्य वेळेत दाखवायचा, हे वाहिनी ठरवते. मुख्य वेळेला प्रेक्षक जास्त मिळतात. जास्त प्रेक्षकांवर जास्त पैसा. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. ज्यांच्याकडे पैसा, त्यांच्याकडे चांगले खेळाडू. चांगले खेळाडू म्हणून मुख्य वेळ पुन्हा त्यांनाच. या चक्रात कोणी खोटे बोलत नाही. प्रत्येक पायरीवरचा माणूस शपथेवर सांगू शकेल, की मी फक्त लोकांना हवे ते दाखवतो.

साउदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे उदाहरण पाहा. १९९६ मध्ये त्यांची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स मोडली, तेव्हा मोठे शेजारी पुढे गेले आणि हे मागे राहिले. २०२४ मध्ये त्यांना एसीसीत प्रवेश मिळाला तो एका अटीवर. नऊ वर्षे टीव्हीच्या पैशातला वाटा घ्यायचा नाही. श्रीमंत देणगीदारांच्या जोरावर त्यांनी ते मान्य केले. म्हणजे नऊ वर्षांचे उत्पन्न देऊन त्यांनी विकत काय घेतले? नजरेत राहण्याचा हक्क. पहिल्याच हंगामात हा संघ प्लेऑफमध्ये पोहोचला. संघ तर याच वकुबाचा होता. पण आधी त्याच्याकडे कोणी पाहतच नव्हते.

कुंपणच शेत खाते

सगळ्यांत जास्त वाईट वाटावे असे या व्यवहारात काही असेल, तर ते पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांचे झालेले हाल. कॉलेज फुटबॉलचा जीव या वैरात आहे. हे वैर शेजाऱ्यांचे असते. एकाच गावात, एकाच कचेरीत, कधी एकाच घरात दोन्ही बाजू नांदतात आणि वर्षातून एक शनिवार एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. वाहिन्या याच वैराच्या जाहिराती करतात, जुनी चित्रफीत दाखवतात, म्हाताऱ्या चाहत्यांचे डोळे पाणावलेले दाखवतात.

आणि त्याच वाहिन्यांच्या पैशाने ही नाती तोडली. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम १८९४ पासून खेळत होते. टेक्ससला स्वतःची वाहिनी मिळाली, तेव्हा ए अँड एमने गट सोडून एसईसीची वाट धरली. कारणे अनेक होती, पण ती वाहिनी हे त्यातले मोठे कारण. २०११ नंतर हा सामना १३ वर्षे झालाच नाही. पुन्हा सुरू झाला तो २०२४ मध्ये, टेक्ससही एसईसीत गेल्यावर. त्याच स्थलांतरात टेक्ससबरोबर ओक्लाहोमाही एसईसीत गेला आणि त्याचा ओक्लाहोमा स्टेटशी दरवर्षी होणारा सामना २०२३ मध्ये थांबला. एक वैर जोडले, दुसरे तोडले. दोन्ही वेळा कारण एकच.

पश्चिम किनाऱ्यावर तर आख्खी कॉन्फरन्स गेली. १९१५ मधली मुळे सांगणाऱ्या पॅक-१२ मधून जून २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलए बिग टेनकडे निघाले. पुढच्या वर्षी टीव्ही करार जमेना, तेव्हा उरलेलेही पांगले. १२ पैकी १० गेले. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावर असून आज अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळतात. लॉस एंजलिसचे संघ गटातल्या सामन्यासाठी देश ओलांडून न्यू जर्सीला जातात. मागे राहिले दोनच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

वॉशिंग्टन स्टेटची एक गोष्ट सांगायलाच हवी. ईएसपीएनचा 'कॉलेज गेमडे' हा कार्यक्रम दर शनिवारी एका विद्यापीठाच्या आवारातून सादर होतो. २००३ पासून वॉशिंग्टन स्टेटचे चाहते प्रत्येक प्रक्षेपणात निवेदकांच्या मागे आपला झेंडा फडकवतात, सामना कुठलाही असो, खेळणारे कुणीही असोत. झेंडा एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवायचा, तिथला कोणीतरी माजी विद्यार्थी पहाटे उठून रांगेत उभा राहणार. वीस वर्षे ही फुकटची निष्ठा त्या कार्यक्रमाची शोभा झाली होती. सप्टेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट समोरासमोर आले. दोन्ही संघ तेव्हा पहिल्या पंचवीसमध्ये होते. त्याच कार्यक्रमातल्या ज्येष्ठ विश्लेषकाने या लढतीला 'कोणालाच नको असलेल्यांचा सामना' अशा अर्थाचे नाव ठेवले.

बोलणाऱ्याने ते गमतीत म्हटले असेल, दयेनेही म्हटले असेल. वॉशिंग्टन स्टेटच्या प्रशिक्षकांनी मात्र ते मनाला लावून घेतले. उत्तरात त्यांनी आमचे सामनेही लोक पाहतात, असे प्रेक्षकसंख्येच्या आधारे सांगितले. हे मला जास्त बोचते. मैदानावर जिंकणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला आपली लायकी सिद्ध करायला टीव्हीचे आकडे काढावे लागले. अन्यायाविरुद्ध बोलतानाही भाषा वापरावी लागली ती समोरच्याचीच.

चाहत्यांनी काय मागावे

२०२४ पासून प्लेऑफमध्ये १२ संघ आले. जागा वाढल्या, म्हणजे वाद मिटला, असे वाटले होते. तसे झाले नाही. त्याच वर्षी अलाबामाऐवजी साउदर्न मेथडिस्टला घेतले म्हणून एसईसीवाले भडकले आणि अकरा सामने जिंकून आलेल्या इंडियानाच्या पात्रतेवर प्रश्न उठवले गेले. विजेता ठरला ओहायो स्टेट, ज्याला नियमित हंगामाच्या शेवटी मिशिगनने १३-१० असे हरवले होते. मैदानावर खेळायला मिळाले, की चर्चेतले बरेच दावे गळून पडतात. म्हणून जागा वाढवणे चांगलेच. पण नव्या करारात प्लेऑफच्या पैशातला निम्म्याहून जास्त वाटा एसईसी आणि बिग टेन यांनाच आहे आणि पुढचे स्वरूप ठरवण्यातही या दोघांचाच वरचष्मा आहे. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

माझ्या मते चाहत्यांनी निवेदकाच्या निष्पक्षपणाची मागणी सोडून द्यावी. ती कोणी पूर्ण करू शकत नाही आणि केली तरी मोजता येत नाही. त्याऐवजी मोजता येतील अशा तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, समितीच्या प्रत्येक सदस्याचे मत जाहीर व्हावे. असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत कोणत्या पत्रकाराने कोणाला कितवा क्रमांक दिला, ते कोणालाही पाहता येते. अब्जावधी डॉलरचा निर्णय घेणाऱ्या समितीची वैयक्तिक मते मात्र गुप्त असतात. दुसरी, शेवटचे काही आठवडे दर मंगळवारी ईएसपीएनवर समितीच्या तात्पुरत्या क्रमवारीचा जो कार्यक्रम होतो, तो बंद व्हावा. अंतिम निवडीसाठी त्याची गरज नाही. त्याने फक्त चर्चा तापते आणि आधी दिलेला क्रमांक समितीच्याच पायात बेडी होऊन बसतो. तिसरी, कॉन्फरन्सच्या ताकदीवर चर्चा करणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमात पडद्यावर एक ओळ दिसावी की, या वाहिनीकडे अमुक कॉन्फरन्सचे हक्क तमुक वर्षापर्यंत आहेत. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापतात, तशी.

यातले काहीच क्रांतिकारक नाही आणि म्हणूनच ते शक्य आहे. माध्यमे आपल्याबद्दल वाईट बोलतात, ही तक्रार करताना माणूस बहुतेकदा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. कॉलेज फुटबॉल सांगते की, करार पाहा, वेळापत्रक पाहा, पैसा कोणत्या सूत्राने वाटला जातो ते पाहा. तोंडे बदलतात. जुना विश्लेषक निवृत्त होतो, त्याच्या जागी नवा गोड बोलणारा येतो. सूत्र तेच राहिले, तर पुढच्या डिसेंबरातही कुठल्या तरी सभागृहात काही मुले टीव्हीसमोर बसलेली असतील आणि आपण जिंकलो होतो की नाही, हे त्यांना तो टीव्हीच सांगेल.